लेकीची प्रयोगशाळा आणि बापाचे पिंप

या आठवड्यात एक पत्र आले. जुन्नर तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार बंधूंचे आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. पण मजकूर पुष्कळ घरांतला आहे, तेव्हा उत्तर सर्वांसमक्ष देतो.

त्यांची लेक बारावीला चांगल्या मार्कांनी उतरली. हौसेने पुण्याला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला घातली, वसतिगृहात ठेवली. शाळा मराठीतून झालेली. बारावीला प्रॅक्टिकल म्हणजे दुसऱ्याची वही उतरवून काढणे, एवढेच झालेले. (हा दोष पोरीचा नाही. पण तो विषय आज काढत नाही, काढला तर पान पुरणार नाही.) आता पुण्यात पहिल्याच प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिचा आकडा साफ चुकला. आजूबाजूच्या मुली फडाफडा बोलतात, नॉर्मॅलिटी, टायट्रेशन, ब्लँक, एंड पॉइंट. हिला काही उमगत नाही. रोज रात्री फोनवर रडते. म्हणते, "अण्णा, मला घेऊन जा, हे माझ्या डोक्याबाहेरचे आहे." घरात आजी म्हणते, आणा पोरीला परत, स्थळही सांगून आले आहे. बंधूंनी शेवटी लिहिले आहे, "मी सातवी शिकलेला. तिला काय सांगू?"

बंधू, मी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या रसायनशाळेत तीस वर्षे उभा राहिलो आहे, खेड्यातून आलेली पोरे पाहिली आहेत आणि मीही त्यांतलाच एक होतो. तेव्हा सांगतो. पोरीला अडवणारी गोष्ट रसायनशास्त्र नव्हे, त्यातले शब्द आहेत. आणि त्या शब्दांमागच्या बहुतेक गोष्टी तुम्ही सातवी शिकून रोज करता. विश्वास बसत नसेल तर तुमच्या बागेतले बोर्डोचे पिंप डोळ्यांसमोर आणा.

एक टक्का बोर्डो करायचे म्हणजे काय करता? एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या पिंपात विरघळवता. लोखंडी बादली घेत नाही, प्लॅस्टिकची घेता. मोरचूद पाण्यात दिसेनासे होते आणि सगळे पाणी सारखे निळे होते. वरचे पाणी घ्या की तळचे, निळेपणा तोच. याला प्रयोगशाळेत द्रावण म्हणतात. मोरचूद हे द्राव्य आणि पाणी हे द्रावक. जिब्रेलिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तुम्ही ते आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवता. तिथे पहिले द्रावक स्पिरिट झाले. चुन्याची निवळी हेही द्रावण. पण खालचा पांढरा साका द्रावण नव्हे, तो विरघळलेलाच नसतो. आणि दोन्ही एकत्र ओतल्यावर जे आभाळी रंगाचे बोर्डो होते, तेही द्रावण नव्हे. त्यात तांब्याचा अतिशय बारीक साका पाण्यात तरंगत असतो. म्हणूनच ते ढवळत राहावे लागते, त्याच दिवशी संपवावे लागते आणि नळीच्या तोंडाशी गाळणी लावावी लागते. पोरीच्या पुस्तकात साक्याला अवक्षेप म्हटले आहे आणि इंग्रजीत प्रेसिपिटेट. तिला सांगा, तो आपला साकाच.

"एक टक्का" ही झाली द्रावणाची तीव्रता. पुस्तकी मराठीत संहती. शंभर लिटरला एक किलो म्हणजे एक टक्का. तुम्ही शंभर लिटरला एक ग्रॅम जिब्रेलिक ॲसिड घालता, त्याला कृषिसेवा केंद्रवाला दहा पीपीएम म्हणतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम, तो एक पीपीएम. टक्का आणि पीपीएम या एकाच रस्त्यावरच्या दोन मोजपट्ट्या आहेत, एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. शून्य चुकले की घड जळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या लेकीच्या हातूनही शून्यच चुकले असेल, फक्त तिचे घड जळले नाहीत, मार्क जळले.

आता पिंपापाशी तुम्ही शेवटी काय करता? विळा बुडवून बघता. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घाला. थर नाही चढला तर फवारणीला तयार. का? मोरचुदातले मोकळे तांबे पानावर पडले तर पान भाजते. चुना त्या तांब्याला साक्यात बांधून टाकतो. बांधायचे राहून गेलेले तांबे लोखंडावर जाऊन बसते आणि विळा तुम्हाला ते सांगतो. कोणी निळा लिटमस कागद बुडवतात. तो लाल झाला तर मिश्रणात अजून आंबटपणा, म्हणजे आम्लपणा, आहे. जो पदार्थ असा रंग बदलून आपल्याला खबर देतो त्याला दर्शक म्हणतात, इंग्रजीत इंडिकेटर. आणि "आता पुरे, आता चुना घालायचा थांबव" असे जिथे कळते, तो एंड पॉइंट.

दर्शक तर तुमच्या चुलीपाशीही आहे. हळदीचा डाग पडलेल्या धोतराला साबण लावला की डाग लालभडक होतो. नवी सून घाबरते, आजीला माहीत असते की उन्हात जाईल. हळद अल्कलीत लाल होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. हळदीला चुन्याचा किंवा खाराचा हात लावून कुंकू करत, ते याच गुणावर. ज्या आजी पोरीला परत आणा म्हणतात, त्यांना हा दर्शक तुमच्या लेकीच्या आधी पन्नास वर्षे ठाऊक आहे.

बोर्डोचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरू तोडून खात, म्हणून बागायतदार कडेच्या वेलींवर तांब्याचे क्षार आणि चुना शिंपडत, विषारी दिसावे म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की नेमक्या त्याच वेलींवर केवडा नाही. त्याने मापे ठरवली आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध केली. शेतकऱ्याचा अंदाज होता, त्याला रसायनशाळेने माप दिले. या दोहोंत इतकाच फरक असतो.

आता टायट्रेशन. मराठीत अनुमापन. हा शब्द ऐकून लेक घाबरते ना? बोर्डोत चुना थोडा थोडा घालत विळ्याने तपासणे, हे ढोबळ अनुमापनच आहे. प्रयोगशाळेत तेच बारीक मापाने करतात. खाली शंकूच्या आकाराच्या काचेच्या भांड्यात मोजून घेतलेले एक द्रावण, त्यात दर्शकाचे दोन थेंब. वर उभी काचेची मापनळी, तिला ब्युरेट म्हणतात, खाली तोटी असते. तोटीतून दुसरे द्रावण थेंब थेंब सोडायचे, डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने भांडे गोल हलवत राहायचे. रंग पालटला की थांबायचे आणि किती मिलिलिटर लागले ते वाचायचे. वरच्या द्रावणाची तीव्रता माहीत असते, त्यावरून खालच्याची काढायची. बस्स.

मग पोरी चुकतात कुठे? मी कुठे चुकलो ते सांगतो. माझे पहिले प्रॅक्टिकल. मी ब्युरेट नळाखाली स्वच्छ धुतली, नंतर चांगल्या पाण्याने धुतली, द्रावण भरले आणि कामाला लागलो. आकडा आला तो शेजाऱ्यांपेक्षा भलताच मोठा. पुन्हा केले, आता वेगळाच. सर आले, ब्युरेटकडे पाहून म्हणाले, "गवळ्याच्या घरचा आहेस का?" मला आधी राग आला, कारण घरी म्हशी खरोखरच होत्या. पण सरांचे बरोबर होते. धुतलेल्या ब्युरेटच्या आत पाणी चिकटून राहिले होते. त्यात द्रावण भरले म्हणजे ओल्या किटलीत दूध काढण्यासारखे झाले. डेअरीत डिग्री उतरणारच. म्हणून ब्युरेट शेवटी त्याच द्रावणाने थोडी विसळून ओतून टाकायची, मग भरायची. पिपेटचेही तसेच.

आणि खालचे शंकूचे भांडे? ते मात्र द्रावणाने अजिबात विसळायचे नाही, नुसत्या पाण्याने विसळायचे. ओले राहिले तरी चालते. इथे निम्मी मुले गोंधळतात, म्हणून नीट सांगतो. ब्युरेटमधल्या द्रावणाचा कस महत्त्वाचा, तो पाण्याने उतरता कामा नये. भांड्यात आपण मोजून दहा मिलिलिटर घातलेले असतात. त्यात कोण किती आहे हे ठरून गेले. ओल्या पातेल्यात मापाने शेरभर दूध ओतले तर दूध शेरभरच राहते, पाणी वाढले तरी दुधाचे लोणी कमी होत नाही. पण पातेले आधी दुधाने विसळले असेल तर चिकटलेले दूध वाढीव जमा होते. लेकीला एवढेच विचारा, "ब्युरेट कशाने विसळलीस आणि भांडे कशाने?" तिचे उत्तर उलटे आले तर तिचा आकडा का चुकला ते तुम्हालाच कळेल, प्राध्यापकाला विचारावे लागणार नाही.

बाकी बारीकसारीक. नळीतल्या पाण्याची कड काचेला वर चढते, मधला भाग खोल दिसतो. आकडा त्या खोल भागाशी वाचायचा आणि डोळा त्याच पातळीवर आणून. उभे राहून वरून वाचला तर खोटा आकडा मिळतो. पिपेट आम्ही तोंडाने ओढत असू, आणि तोंडात आम्ल गेलेले मित्रही मला आठवतात. आता त्यासाठी रबरी फुगा असतो, तोच वापरायचा. एकदा करून थांबायचे नाही, आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत करायचे. आणि जोरकस गंधकाम्ल पातळ करायचे असेल तर नेहमी पाण्यात आम्ल, थोडे थोडे, ढवळत. आम्लात पाणी कधीही नाही. पाणी पडताच इतकी उष्णता सुटते की उकळून अंगावर उडते. ट्रॅक्टरच्या बॅटरीचे पाणी घरी करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी हे दोन शब्द मात्र थोडे बसून समजून घ्यावे लागतात. पेरू डझनावर विकता, बोरेही समजा डझनावर मोजली. दोन्ही बाराच, पण वजन वेगळे. रसायनशास्त्रज्ञाचाही असाच एक डझन आहे, त्याला मोल म्हणतात. पदार्थाचे कण इतके बारीक की त्यांचा डझन फार मोठा धरावा लागतो. सहा लिहून त्यापुढे तेवीस शून्ये द्या, साधारण तेवढा. कॉस्टिक सोड्याच्या एका मोलचे वजन चाळीस ग्रॅम भरते, मिठाच्या आम्लाचे साडेछत्तीस. एका लिटर द्रावणात एक मोल असेल तर ते एक मोलर. कण मोजायला कोणी बसत नाही, तराजूने तोलले की मोजले गेले. कण जोडीजोडीने एकमेकांना भेटतात, म्हणून वजनापेक्षा नग महत्त्वाचे, एवढेच त्यात आहे.

मग नॉर्मॅलिटी? एक मजूर एका हाताने एक पाटी उचलतो, दुसरा दोन्ही हातांनी दोन. माणसे मोजली तर दोघे सारखे, काम मोजले तर दुसरा दुप्पट. मिठाच्या आम्लाला एक हात आहे, गंधकाम्लाला दोन. म्हणून गंधकाम्लाचे एक मोलर द्रावण हे दोन नॉर्मल असते. मोलॅरिटीत माणसे मोजतात, नॉर्मॅलिटीत हात.

आता शेवटचा शब्द, ब्लँक. त्यासाठी जरा शिवाजीनगरला जाऊ. तिथल्या शंभराहून अधिक वर्षे जुन्या कृषी महाविद्यालयात गेल्या शतकाच्या आरंभी डॉ. हॅरॉल्ड मान नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्राचार्य होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावच्या जमिनी आणि कुटुंबे यांची पाहणी करून त्यांनी १९१७ साली पुस्तक लिहिले. ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात पोटात गेले आहे. त्याआधी, १९१० साली, मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि काही जमिनींवर पांढरे मीठ फुटू लागले. पांढरे दिसते ते सगळ्यांना दिसत होते. पण किती क्षार, कोणता क्षार, किती खोलवर, हे माती प्रयोगशाळेत आणल्याखेरीज कळत नाही.

आज तेच काम मृदा आरोग्य पत्रिकेसाठी चालते. ही योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टींचे आकडे असतात. सामू म्हणजे माती आंबट की खारी हे सांगणारा आकडा, सात मध्यावर. १९०९ साली सोरेन्सन या डेन्मार्कच्या रसायनज्ञाने ही मोजणी काढली. लक्षात ठेवण्याजोगे हे की सामूची एक पायरी म्हणजे दहापट, आठ आणि नऊ यांत एकाचा फरक नसतो, दहापटीचा असतो. क्षारांसाठी विद्युत वाहकता बघतात. शुद्ध पाण्यातून वीज नावालाच जाते, मीठ विरघळले की जाऊ लागते, जितके मीठ तितकी जास्त.

आणि सेंद्रिय कर्ब. हा आकडा अनुमापनाने काढतात, आणि तो लेकीच्या वहीतल्या प्रयोगाचा सख्खा भाऊ आहे. एक ग्रॅम माती भांड्यात घेऊन तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेटचे दहा मिलिलिटर द्रावण आणि गंधकाम्ल घालतात. डायक्रोमेट मातीतला कर्ब जाळते आणि त्यात स्वतः खर्ची पडते. अर्ध्या तासाने पाणी आणि दर्शक घालून उरलेले डायक्रोमेट किती ते वरून फेरस अमोनियम सल्फेट सोडून मोजतात. गर्द जांभळा-निळा रंग एका थेंबात हिरवा झाला की थांबायचे. पण मुळात डायक्रोमेट किती होते? त्यासाठी एक भांडे मातीशिवाय तसेच करतात. तो ब्लँक. मार्केट यार्डात पोत्यासकट वजन झाल्यावर बारदाना वजा करतात ना, तसा हा प्रयोगशाळेतला बारदाना.

समजा ब्लँकला २० मिलिलिटर लागले आणि मातीच्या भांड्याला १७. फरक तीनचा. नेहमीच्या तीव्रतेच्या द्रावणांनी हिशेब केला तर कर्ब येतो ०.४५ टक्के. आता करणाऱ्या मुलीने थेंबाची घाई केली आणि तोटी एक मिलिलिटर जास्त सुटली. १७ चे १८ झाले, फरक दोनचा, कर्ब ०.३० टक्के. माती तीच. कागदावर मात्र ती तिसऱ्या हिश्श्याने गरीब झाली. शेतकरी तो कागद घेऊन दुकानात जाईल आणि खताचा हिशेब त्यावर करील. तोटीवरचा हात घाईचा नको असे प्राध्यापक का ओरडतात ते यातून कळावे.

अर्थात चूक प्रयोगशाळेतच होते असे नाही, ती आपल्या शेतातून निघते. एकरभर जमिनीच्या वरच्या वीतभर थरात सुमारे नऊ लाख किलो माती असते. तपासली जाते त्यातली ग्रॅमभर. बांधावरची, झाडाखालची, उकिरड्याजवळची, कालच खत टाकलेल्या जागची माती पिशवीत भरून दिली तर जगातला कोणताही रसायनज्ञ खरा आकडा देऊ शकणार नाही. दहा-पंधरा जागी व्ही आकाराचे खड्डे घेऊन, कडेची माती खरवडून, एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो ठेवायची. बंधू, हे प्रॅक्टिकल तुमचे. त्यात तुम्हाला किती मार्क पडतील?

तेव्हा माझे सांगणे असे. पोरीला आणायला जाऊ नका. भेटायला जा. एस. टी.ने पुण्याला उतरा, तिथून वसतिगृह गाठा. येताना भाकरी-चटणीबरोबर चिमूटभर हळद, थोडा चुना आणि एक लिंबू न्या. तिच्या खोलीत तीन वाट्यांत पाणी घेऊन तिच्यासमोर हळदीचा रंग पालटून दाखवा आणि मग तिला म्हणा, आता तुझे शब्द लावून सांग. दर्शक कोणता, आम्ल कोणते, अल्कली कोणते, एंड पॉइंट कुठे. चुकली तर हसू नका. इंग्रजी शब्दांची वहीत एक यादी करू द्या, समोर आपला शब्द: प्रेसिपिटेट म्हणजे साका, ब्लँक म्हणजे बारदाना, असा. परीक्षेत इंग्रजीच लिहायचे आहे, पण डोक्यात आधी आपला शब्द बसला की इंग्रजी त्यावर बसते. मी तसाच शिकलो. आणि तिच्या प्रॅक्टिकलच्या बाईंना भेटून एकच विनंती करा की एका सुट्टीच्या दुपारी पोरीला ब्युरेट हातात घेऊन नुसत्या पाण्याने तोटीचा सराव करू द्यावा. थेंब मोजून सोडायला हात बसला की निम्मी भीती गेली. पुष्कळ ठिकाणी बाई नाही म्हणत नाहीत. विचारणारेच कमी असतात.

सुट्टीत ती घरी आली आणि बागेत बोर्डोचे पिंप लागणार असेल तर त्या दिवशी विळा बाजूला ठेवा, लिटमसचे कागद तिला आणायला सांगा आणि चुना किती घालायचा ते तिला ठरवू द्या.

स्थळाचे म्हणाल तर त्यांना कळवा की मुलगी शिकते आहे, पदवी झाल्यावर बघू. आजींना मात्र तुम्ही समजवा, ते माझ्या आवाक्यातले नाही.

पुढच्या अंकात डेअरीतली डिग्री, फॅट आणि एसएनएफ यांविषयी. डेअरीच्या पावत्या जपून ठेवलेल्या असतील तर काढून ठेवा.